विषय: ग्रोसबेकची सहल – मुलांना दफनभूमीत न्यायचं का?

काका, नमस्कार.

सहलीचा मेल वाचला. टेक्ससमधल्या ग्रोसबेकजवळचा फोर्ट पार्कर, पार्कर कुटुंबाच्या जुन्या वस्तीचा तो लाकडी कोट, मुलांना आवडेलच. पण जेवणाआधी पार्कर कुटुंबाच्या दफनभूमीत जायचं लिहिलंय, तिथे अडलं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शिवाय सासूबाई आल्यात, त्यांचा पहिला प्रश्न: स्मशानातून आल्यावर आंघोळ न करता जेवायचं कसं? तो थांबा वगळता येईल का?

---

ताई, नमस्कार. बाकी सगळ्यांनीही वाचावं म्हणून लिस्टवरच उत्तर देतो.

आईंची अडचण रास्त आहे. आपण आधी जेवू, दफनभूमी शेवटी ठेवू, म्हणजे तिथून थेट घरी. पण वगळू नका, अशी कळकळीची विनंती. त्या कोटातून पळवून नेलेली सिंथिया ॲन पार्करही तेव्हा साधारण नऊच वर्षांची होती.

पार्कर मंडळी 1833 साली इलिनॉयहून आली ती जमिनीसाठी. टेक्सस तेव्हा मेक्सिकोत होतं आणि कुटुंबवाल्या माणसाला एक लीग, म्हणजे 4,428 एकर जमीन मिळायची. कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या धाडींना आडोसा म्हणून मेक्सिकोला तिथे वस्ती हवीच होती. ज्यांच्या शिकारीच्या मुलखात हे चाललं होतं, त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. 19 मे 1836 ला सकाळी पुरुष शेतात होते, कोटाचं दार उघडं होतं. कोमांची आणि त्यांच्या सोबत्यांनी पाच जणांना मारलं, पाच जणांना पळवून नेलं. आपण जाणार तिथे त्या मारल्या गेलेल्यांना एकत्र पुरलंय.

पळवलेल्यांत सिंथिया ॲन होती. ती कोमांचींत वाढली, त्यांचीच झाली. पेटा नोकोनाशी संसार केला, तीन मुलं झाली. डिसेंबर 1860 मध्ये पीस नदीकाठी रेंजर्स (टेक्ससचे सशस्त्र रक्षक) आणि घोडदळाने कोमांचींच्या छावणीवर हल्ला करून तिला तान्ह्या मुलीसकट 'सोडवून' आणलं. दोन्ही मुलगे तिला पुन्हा कधी दिसले नाहीत.

1861 साली फोर्ट वर्थला काढलेला तिचा फोटो जरूर बघा. त्या तान्ह्या मुलीला, टॉपसानाला, अंगावर पाजतेय, केस कानापर्यंत कापलेले. कोमांची बायका शोकात केस कापत. तो फोटो बघितला की मला आमच्या घरातला पणजीचा एकुलता एक फोटो आठवतो, डोक्यावरून आलवण ओढलेला. पणजीचे केस दुसऱ्यांनी काढले होते, हिने आपणहून कापले, पण दोघींची नजर सारखीच. त्याच 1861 साली टेक्ससच्या विधिमंडळाने सिंथियाला एक लीग जमीन आणि पाच वर्षं दरसाल 100 डॉलर मंजूर केले. तिला हवे होते तिचे मुलगे. तिने अनेकदा पळून जायचा प्रयत्न केला. आधी टॉपसाना गेली, मग तीही.

थोरला मुलगा क्वाना, कोमांचींचा पुढारी, 1875 मध्ये आजच्या ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर शरण आला. 1910 साली त्याने आईच्या अस्थी अँडरसन काउंटीतून ओक्लाहोमातल्या पोस्ट ओक दफनभूमीत नेल्या. तीन महिन्यांच्या आत तोही गेला, त्याला तिच्याशेजारीच पुरलं. पुढे लष्कराला ती जागा हवी झाली, म्हणून 1957 मध्ये दोघांना फोर्ट सिलच्या दफनभूमीत हलवलं. टॉपसाना त्यांच्याजवळ आली 1965 साली. त्या बाईला तीनदा माती मिळाली, ताई.

म्हणून मला मुलांना दोन्ही सांगायचंय. ग्रोसबेकला ज्यांना पुरलंय त्यांत तिचे वडील आणि आजोबा आहेत. फोर्ट सिलला तिचा मुलगा. निव्वळ कोट दाखवून परत आलो तर मुलांना एवढंच कळेल की 'चांगले' आत होते आणि 'वाईट' बाहेर. आपली मुलं याच मातीत वाढतायत, हे त्यांना आपणच सांगायला हवं.

फोर्ट सिल चालू लष्करी तळ आहे, आत जायला पास लागतो, म्हणून ते पुढच्या खेपेला.

---

काका, रात्री सासूबाईंना तो फोटो दाखवला. त्यांनी फोन जवळ धरून बराच वेळ बघितला आणि बाळाचं नाव विचारलं. सिंथियाचे काका आयझॅक पार्कर यांची लाकडी केबिन फोर्ट वर्थच्या लॉग केबिन व्हिलेजमध्ये आहे, परत आणल्यावर ती त्याच केबिनमध्ये राहिली होती. या शनिवारी मुलीला आधी तिथे नेते.

सहलीला आमचे पाच जण धरा. पुरणपोळ्या माझ्याकडे. सासूबाई थोडी फुलं आणणार आहेत, वाहिलेली चालतात का तेवढं विचारून ठेवा.