टॉवर ऑफ पॉवर: एवढे गायक बदलले, मग खरा बँड कोणता?

खर्जवाला
कोथरूडला बेस गिटार शिकतोय. सरांनी 'टॉवर ऑफ पॉवर' या अमेरिकन सोल-फंक बँडचं 'व्हॉट इज हिप' बसवायला दिलंय आणि बोटांची पार वाट लागलीय. यूट्यूबवर बघायला गेलो, तर जितके व्हिडिओ तितके गायक! ड्रमरसुद्धा कधी हा, कधी तो. माजी सदस्यांची यादी तर संपता संपत नाही. यातला अस्सल बँड कोणता धरायचा आणि ऐकायला कुठून सुरुवात करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तर्रीबहाद्दर
आधी सरांना माझा नमस्कार सांग. काम चांगलं लावलंय त्यांनी.

यादी बाजूला ठेव आणि दोन नावं धर. टेनर सॅक्सोफोनवाला एमिलिओ कॅस्टिलो आणि बॅरिटोन सॅक्सवाला स्टीफन 'डॉक' कुप्का. कॅस्टिलोचा आधीचा बँड 'द मोटाउन्स'. १९६८ मध्ये कुप्का त्यात आला, नाव बदललं आणि दोघं मिळून स्वतःची गाणी लिहायला लागले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या फॉक्स थिएटरात बँडची पन्नाशी साजरी झाली, तेव्हाही हे दोघं स्टेजवर होते.

गायकांचं म्हणशील, तर पहिल्या अल्बमवर, 'ईस्ट बे ग्रीस'वर (१९७०), मुख्यतः रूफस मिलर आहे. 'बम्प सिटी'वर (१९७२) रिक स्टीव्हन्स. मग लेनी विल्यम्स आला, १९७५ पर्यंत राहिला, आणि त्याच्यानंतर ह्यूबर्ट टब्ज. पुढचे गायक मी मोजत नाही. तुला तरी कशाला हवेत?

कारण तुझं काम खाली आहे, बेस आणि ड्रम्सपाशी. 'व्हॉट इज हिप'मध्ये बेसवर रॉको प्रेस्टिया सोळाव्या मात्रा (एका ठोक्यात चार) सलग मारत सुटतो, पण एकही सूर लांबवत नाही. डाव्या हाताची बोटं तारेवर अलगद टेकलेली, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच दाबला जातो. बेस ऐकू येतो त्याहून जास्त आपटल्यासारखा वाटतो. ड्रमर डेव्हिड गॅरिबाल्डी तिकडे स्नेअर ड्रमवर बारीक बारीक घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे ठोके) पेरतो, जोरकस ठोके मोजकेच आणि तेही आपण जिथे वाट बघतो तिथे नाहीतच. मी नदीपात्रात पथकात ताशा वाजवून मग ड्रम्सकडे वळलो, म्हणून मला हे चटकन पटलं. पथकात दरवर्षी निम्मी पोरं नवी असतात, ढोल कोणाच्याही कमरेला असो, ताशावाले मुरलेले असले की लक्ष्मी रोडवरचा माणूस डोळे मिटूनही पथक ओळखतो.

आता हे दोघंही सलग होते असं नाही. प्रेस्टिया मधली काही वर्षं बाहेर होता. गॅरिबाल्डी तर येऊन-जाऊन, शेवटी १९९८ मध्ये परत आला तो टिकला. जानेवारी २०१७ मध्ये ओकलंडलाच कार्यक्रमाला जाताना रूळ ओलांडताना त्याला आणि त्या दिवशीचा बेसिस्ट मार्क व्हॅन वागेनिंगेनला ट्रेनची धडक बसली. दोघं वाचले. गॅरिबाल्डी पुन्हा ड्रम्सवर बसलासुद्धा. प्रेस्टिया २०२० मध्ये गेला.

सुरुवात १९७३ च्या 'टॉवर ऑफ पॉवर' अल्बमपासून कर, मग 'बॅक टू ओकलंड' (१९७४). माझी एलपी जुन्या बाजारातली, एका बाजूला खरखर आहे, पण 'स्क्विब केक्स' सहीसलामत. त्यात गाणं म्हणणारा कोणी नाहीच. चेस्टर थॉम्पसनचा ऑर्गन ऐक. हा माणूस पुढे गिटारवाल्या संतानाच्या बँडकडे गेला.

निवांत_पेठकर
म्हणजे दोन सॅक्सवाले राहिले म्हणून बँड तोच? हे काही पटलं नाही बुवा. सोल संगीत म्हणजे गळा. 'बम्प सिटी'वरचं 'यू आर स्टिल अ यंग मॅन' रिक स्टीव्हन्सशिवाय ऐकून बघा, नुसतं वाद्यवृंदाचं काम वाटतं. त्या माणसाचं आयुष्य मात्र भलतीकडे गेलं. १९७६ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात अडकला, २०१२ मध्ये सुटला, २०१७ मध्ये वारला.

पितळी
पेठकर, त्या गाण्याची सुरुवात आठवा. गळा नंतर येतो, आधी ट्रम्पेट्स येतात! मी ट्रम्पेट वाजवतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. पण या बँडच्या हॉर्न्सची (म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सच्या ताफ्याची) बहुतेक मांडणी ग्रेग अ‍ॅडम्सची, पार नव्वदच्या दशकापर्यंत. वरचे सूर मिक जिलेटचे, तळाला कुप्काचा बॅरिटोन. पाच जण असे वाजवतात की एकाच वेळी श्वास तोडतात. म्हणून तर एल्टन जॉन, लिटल फीट, ह्यूई लुईस यांनी गायकाला नाही, या हॉर्न सेक्शनला बोलावलं. तरुणपणी इथे टेनर वाजवणारा लेनी पिकेट १९८५ पासून 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्ही शोच्या बँडमध्ये आहे.

तर्रीबहाद्दर
पितळी, शंभर टक्के.

पेठकर, रिक मलाही आवडतो. पण 'सो व्हेरी हार्ड टू गो' बिलबोर्डच्या अमेरिकन हिट गाण्यांच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं ते लेनी विल्यम्सच्या गळ्यातून, तेव्हा रिक बँडमध्ये नव्हता. 'यंग मॅन' २९ वर थांबलं होतं. आकड्यांनी काही सिद्ध होत नाही हे मान्य, तुम्ही म्हणायच्या आधीच म्हणून ठेवतो.

खर्जवाला
सगळ्यांचे आभार. तर्रीबहाद्दर, डाव्या हाताची बोटं टेकवली की माझा सूरच मरतो, नुसती थपथप येते. उजवा हात तर दुसऱ्या कडव्यापर्यंत दगड होतो.

तर्रीबहाद्दर
थपथप येतेय म्हणजे दोन बोटं जास्त दाबतायत. सूर एका बोटाने धर, बाकीची नुसती तारेला लागू दे. उजव्या हाताने जोर कमी कर आणि अ‍ॅम्पचा आवाज वाढव, जोर तिथून येऊ दे. मेट्रोनोम (ताल धरणारं यंत्र) ७० वर लाव. मूळ वेगाच्या नादाला आत्ताच लागू नकोस. आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार अ‍ॅम्प लावू नकोस, कोथरूड असलं तरी पुणंच आहे ते.