एमडी, जेडी आणि पीएचडी : तिन्ही ‘डॉक्टर’ एकाच पंगतीतले?

टाचणी (धागाकर्ता)
नावात ‘डॉक्टर’ आहे म्हणून व्यावसायिक पदवी आणि संशोधनाची पदवी एका तराजूत तोलू नये, असं माझं मत. अमेरिकेतली जेडी, म्हणजे ‘ज्युरिस डॉक्टर’, घ्या. पदवीनंतर तीन वर्षं कायदा शिकायचा, प्रबंधाची सक्ती नाही. १९६०च्या दशकापर्यंत तिथे बहुतेक ठिकाणी याच शिक्षणाला एलएलबी म्हणत. हार्वर्डनं १९६९मध्ये नाव बदललं, येलनं १९७१मध्ये. कित्येक ठिकाणी जुन्या एलएलबीवाल्यांनाही प्रमाणपत्र बदलून मिळालं. अभ्यास तोच, पाटी नवी! आणि जेडीनंतर एलएलएम करता येतं, म्हणजे आधी डॉक्टर, मग मास्टर. त्यापुढे एसजेडी, कायद्यातली संशोधनाची डॉक्टरेट; प्रबंधाची गाठ पडते ती तिथे.

उंबरठा
पाटी कुणी कुणाची उचलली ते आधी बघा. ‘डॉक्टर’चं मूळ लॅटिनमधल्या ‘शिकवणे’ या क्रियापदात आहे. मध्ययुगीन युरोपात धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या वरच्या विद्याशाखा होत्या. तत्त्वज्ञान त्यांच्या तयारीसाठी, खालच्या पायरीवर. आज आपण ओळखतो ती पीएचडी, म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ (तत्त्वज्ञान), एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत घडली, अमेरिकेत पहिल्यांदा दिली येलनं, १८६१मध्ये. वैद्य आणि वकील त्याआधी कित्येक शतकं डॉक्टर होते. आयत्या बिळावर नागोबा कोण, सांगा!

टाचणी
इतिहास मान्य, पण त्यानं आजचा फरक पुसला जात नाही. एमडीच्या परीक्षेत योग्य उत्तर परीक्षकाला आधीच ठाऊक असतं, विद्यार्थी तिथवर पोचतो का एवढंच तो बघतो. पीएचडीत उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मौखिक परीक्षेत ‘ही पद्धत का निवडली’, ‘पर्यायी स्पष्टीकरण कशावरून नाकारलं’ असे प्रश्न येतात. एक परीक्षा चूक न करण्याची, दुसरी आपली चूक स्वतः शोधण्याची.

चौकट
दोघंही पदवीच्या नावावर भांडताय, आणि नाव तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत एमडी ही वैद्यकाची पहिली पदवी. भारतात ती एमबीबीएसनंतरची, विशेषज्ञ होण्यासाठीची. इंग्लंडमध्ये डॉक्टर एमबीबीएसवर होतात आणि एमडी प्रबंध लिहून मिळते. जर्मनीत तर राज्य परीक्षेनंतर परवाना मिळाला की रुग्ण तपासता येतात, ‘डॉ. मेड.’ ही वैद्यकातली डॉक्टर पदवी नसली तरी चालतं. तिला प्रबंध लागतो, पण पुष्कळ जण तो शिकता शिकताच उरकतात. म्हणूनच युरोपियन रिसर्च कौन्सिल ही संशोधनाला अनुदान देणारी संस्था नुसती वैद्यकीय पदवी पीएचडीच्या बरोबरीची धरत नाही, नावात डॉक्टर असलं तरी. प्रबंध आहे की नाही एवढ्यावर निकाल लावू नका, टाचणी.

उंबरठा
चौकट, मग ईडीडी या शिक्षणशास्त्रातल्या डॉक्टरेटसारख्या मधल्या पदव्यांचं काय? शाळेतली गळती, शिक्षकांचं प्रशिक्षण असा कामाच्या जागचाच प्रश्न घेऊन प्रबंध लिहितात. तो काय संशोधन नव्हे?

चौकट
असू शकतं. पण घोटाळा प्रवेश घेतानाच होतो. ईडीडी बऱ्याचदा नोकरी सांभाळून करायची म्हणून आखलेली असते. त्यामुळे संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती यांना पुष्कळदा कमी वाव मिळतो. पुढे संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला की तिथेच अडतं. माहितीपुस्तिकेत आधी पद्धतीचे किती श्रेयांक आहेत ते मोजा. मग बाहेरचा परीक्षक आहे का बघा. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्या विभागाचे आधीचे दोन-तीन प्रबंध. शेवटच्या प्रकरणात नुसत्या ‘शिफारशी’ असतील तर पदवी व्यावसायिक समजा. आधीच्या सिद्धान्ताशी झटापट दिसली तर ती संशोधनाची.

शाईदौत
दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी एमडी-पीएचडी आहेच. अमेरिकेत एनआयएच ही आरोग्य-संशोधनाची सरकारी संस्था अशा शिक्षणाला १९६४पासून पैसा देतं. साचा साधारण असा : दोन वर्षं वैद्यक, मग तीन ते पाच वर्षं प्रयोगशाळा, मग पुन्हा दोन वर्षं वॉर्ड. दुखतं ते सांध्यावर. प्रयोगशाळेतून परतलेल्याचा रुग्ण तपासायचा हात गेलेला असतो, बरोबरचे केव्हाच पुढे निघून गेलेले असतात. म्हणून बरेच विभाग पीएचडी चालू असतानाच अधूनमधून ओपीडीत बसवतात.

टाचणी
म्हणजे एकाच माणसाला दोन वेगळी शिक्षणं द्यावी लागतात. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात की!

उंबरठा
वेगळी, हे कबूल. खालची-वरची, हे अजूनही नाही.