पुशरॉडच्या आतला गंज बाहेरून ओळखता येतो का?

भाट्येकाठ:
रत्नागिरीजवळ घरामागच्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधतोय. समुद्र हाकेच्या अंतरावर. एलेरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) पुशरॉड, म्हणजे ती फळी हलवणारे दांडे, ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे, जाडी ०.९ मिमी; टोकांना स्टीलचे तुकडे घालून रिव्हेट मारलेत. तीन पावसाळे गेले. परवा पुसताना एका रिव्हेटच्या कडेची पांढरी भुकटी बोटाला लागली. पुसली, आठवड्यात परत आली. बाकी नळी चकाचक आहे. वरून तेल मारून भागेल का? पहिल्या उड्डाणानंतर शेजारी मुलगी बसणार आहे, म्हणून विचारतोय.

निवृत्त एएमई (विमान देखभाल अभियंता):
तेलाने भागणार नाही, सुटं करा. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये खारं पाणी शिरलं की तिथे बॅटरीच तयार होते. त्यात स्टील शाबूत राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. भुकटी तीच. एका टोकाचे रिव्हेट ड्रिलने काढा, तुकडा ओढून घ्या आणि मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप (वायरच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) आत सरकवा. खड्डे दिसले तर नळी टाकून द्या, घासून परत लावू नका. ०.९ मिमीतून घासलंत तर उरणार काय? साफसफाईला स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंज तिथूनच धरतो. जोडताना दोन्ही धातूंना एपॉक्सी प्रायमर द्या आणि रिव्हेटही ओल्या प्रायमरमध्येच मारा.

जेटीवरचा फिटर, मालवण:
विमानातलं मला कळत नाही, मी ट्रॉलरच्या विंचची कामं करतो. वायर रोप वरून ग्रीसने चमकते, पीळ उघडला की आत लाल धूळ. दादा, तुमच्या रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, केबली बघितल्यात का?

निवृत्त एएमई:
फिटरदादांचा मुद्दा लाखमोलाचा. ताण सैल करा, पुलीवरून जाणारा भाग हातात वाकवून पिळाच्या आत बघा. मग सुती फडकं फिरवा. धागा अडकला तिथे तार तुटलीय. केबल रॉकेलमध्ये बुडवू नका, आतलं वंगण धुऊन जातं.

भाट्येकाठ:
काल चारही रॉड उघडले. तीन स्वच्छ. भुकटीवाल्याच्या आत, स्टीलचा तुकडा संपतो तिथेच, नखाला लागतील एवढे खड्डे! बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नवी नळी मागवलीय. केबली ठीक आहेत. यापुढे आगोटीला (पावसाच्या तोंडावर) आणि दसऱ्याला, वर्षातून दोनदा उघडणार. एक शंका राहिली. ४१३० जातीच्या स्टीलच्या नळ्यांच्या सांगाड्यात गरम जवसाचं तेल फिरवून, निथळून तोंडं बंद केलीत. टॉर्क ट्यूबचं (कंट्रोलचा पीळ पुढे नेणारी नळी) एक टोक मात्र उघडं आहे. तेही बंद करू का?

निवृत्त एएमई:
आतून तेल देऊन पूर्ण हवाबंद करा, नाहीतर सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला वाट ठेवा. अर्धवट बंद नळी रात्री थंड झाली की दमट हवा आत ओढते, आणि सुटलेलं पाणी तळाशी बसून राहतं. वाट ठेवलीत तर एंडोस्कोप तिथूनही जाईल एवढी ठेवा, पण भोक पाडण्याआधी डिझाइन देणाऱ्याला विचारा.