दारूबंदी फसली म्हणून ड्रग्ज कायदेशीर करा: हा दाखला कितपत टिकतो?

रानवारा: मुंबई राज्याने दारूबंदी केली, हातभट्ट्या फोफावल्या, शेवटी परवाने द्यावे लागले, तेव्हा गांजा-एमडीवरची (एमडी म्हणजे मेफेड्रोन) बंदीही फोलच, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दारूचा दाखला इथे कुठपर्यंत लागू पडतो? आणि 'कायदेशीर करा' म्हणजे नक्की काय करा? कलमं, आकडे चालतील. 'तरुण पिढीचं काय होणार' हे कृपया नको.

जुना_अबकारी: दाखला अर्धाच सांगतात. 1949 चा दारूबंदी कायदा रद्द झालेलाच नाही. नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, पण आजचे बार आणि देशीची दुकानं त्याच कायद्याच्या परवान्यांवर चालतात. साठच्या दशकात तो सैल केला, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले. पिणाऱ्यालाही कागदोपत्री परवाना लागतो: दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, कायमचा 1000. बिअर-वाइनला वय 21, बाकी दारूला 25. म्हणजे बंदी उठवली नाही, तिला दारं पाडली.

आणि हातभट्टी थांबली का? विषारी दारूची कांडं बघा: विक्रोळी 2004, मालवणी 2015, दोन्ही वेळी मुंबईत दारू राजरोस मिळत होती. मालवणीत शंभरावर माणसं गेली. गूळ-नवसागराच्या रसायनातून इतकं मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) तयार होत नाही. ते उद्योगांसाठीच्या साठ्यातून वळवून मिसळतात, कारण त्यावर दारूचं शुल्क नसतं. प्यायल्यावर नशा साधीच वाटते. उलट्या, अंधुक दिसणं बऱ्याचदा 12 ते 24 तासांनी सुरू होतं, म्हणून दवाखान्यात पोचायलाच उशीर होतो. अधिकृत बाटली महाग झाली की गिऱ्हाईक तिकडेच वळणार, कायदा काहीही म्हणो.

कलमकसाई: 'कायदेशीर' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पोर्तुगालने 2001 पासून दहा दिवसांपुरता साठा (गांजा 25 ग्रॅम, हेरॉइन 1 ग्रॅम) फौजदारी गुन्ह्यातून काढला. सापडलेला माणूस समितीपुढे जातो, विकणारा मात्र तुरुंगातच. कॅनडाने 2018 मध्ये गांजाची विक्रीच खुली केली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने पोर्तुगालचा मार्ग धरला, पण 100 डॉलरचा दंड एका फोनवर माफ होत होता, फोन जवळजवळ कुणी केलाच नाही आणि उपचाराचे पैसे रखडले. 2024 मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग वाचली. शिक्षा प्रमाणावर ठरते: गांजाचं 'अल्प' प्रमाण 1 किलो, 'व्यावसायिक' 20 किलो; एमडीचं 2 आणि 50 ग्रॅम. कलम 64अ खाली व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट आहे, अर्धवट सोडले तर ती जाते. कायदा न बदलता एवढं वापरलं तरी पुष्कळ होईल.

सीमेवरचा: बंदीने पिणं कमी होतच नाही, हे मात्र खरं नाही. अमेरिकेत 1920 च्या दारूबंदीनंतर सुरुवातीला सिरॉसिसचे (यकृताच्या आजाराचे) मृत्यू घटलेले होते (घसरण थोडी आधीच सुरू झाली होती). फसतं ते दुसरीकडे: चोरून न्यायचं तर माल लहान आणि जहाल हवा, म्हणून बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. अफूनंतर हेरॉइन, हेरॉइननंतर त्याहून जहाल फेंटानिल, हीच चाल. वरचेच आकडे बघा, 20 किलो गांजाला पोती लागतात, 50 ग्रॅम एमडी खिशात मावते. म्हणून 'ड्रग्ज' असा एकच गठ्ठा करून वाद घालण्यात अर्थ नाही. गांजाच्या दुकानावर बोलता येईल, एमडीच्या नाही.

रानवारा: मग गांजाचं दुकान काढलंच तर कर किती?

जुना_अबकारी: आधी चोरट्या मालाचा भाव काढायचा, कर धरूनही दुकानातली किंमत त्याच्या आसपास ठेवायची. कॅनडात सुरुवातीला परवान्याचा माल महाग होता, तेव्हा बरीच गिऱ्हाइकं जुन्याच विक्रेत्याकडे राहिली. तिजोरीकडे बघून कर ठरवला तर मालवणीचंच गणित पुन्हा मांडाल.