गुच्छीच आहे ना ही? खायच्या आधी विचारतोय

पानगळ:
काल जंगलात एका वाळून पडलेल्या झाडाशेजारी सहा अळंब्या मिळाल्या, चार तर मला मोरेल म्हणजे गुच्छीच वाटतायत पण दोन जरा लालसर आहेत, अक्रोडाच्या गरासारख्या दिसतात. नकली मोरेल विषारी असते म्हणे, मग ओळखायचं कसं?

रानभूल:
त्या लालसर दोन आधी बाजूला काढ. खऱ्या गुच्छीच्या टोपीला मधमाशांच्या पोळ्यासारखे खड्डे असतात, नकलीला नुसत्या मेंदूसारख्या वळ्या. पण बाहेरून बघून ठरवूच नकोस, सुरी घे आणि शेंड्यापासून बुडापर्यंत उभी चीर. गुच्छी टोपीपासून दांड्यापर्यंत एकसलग पोकळ निघते, जायरोमित्रा (म्हणजे नकली मोरेल) असली तर आत कप्पे नाहीतर कापसासारखा गर. तिच्या विषाचं पोटात मोनोमिथाइलहायड्राझीन होतं, तेच जे रॉकेटच्या इंधनात वापरतात, लिव्हरची वाट लागते. उकळून खाणारे आहेत पण ते विष वाफेतूनही नाकात जातं, कशाला ते धंदे.

तिसरा_पाऊस:
व्हर्पा (गुच्छीसारखीच दिसणारी दुसरी अळंबी) पण बघून घे रे, तिची टोपी फक्त वरच्या टोकाला चिकटलेली असते, खाली घेरदार झग्यासारखी सुटी. गुच्छीची कड दांड्याला जुळलेली असते (एका जातीत अर्धीच जुळलेली असते, तिथे नवशिके हमखास गोंधळतात).

पानगळ:
चिरल्या! चार स्वच्छ पोकळ, एकीतून मुंग्या बाहेर आल्या 😅 लालसर दोन्हींत कप्पे होते, फेकल्या. आता बाकीच्या बटरवर जरा परततो.

रानभूल:
"जरा" नको!! खरी गुच्छीसुद्धा कच्ची राहिली तर बाधते. २०२३ मध्ये अमेरिकेत माँटानात एका हॉटेलात कच्च्या आणि अर्धकच्च्या मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, त्यातले दोघं गेले. नीट शिजव, सोबत दारू नको, काहींना त्याने त्रास होतो. पहिल्यांदाच खातोयस तर थोडीच खा आणि एक न शिजवता फ्रीजमध्ये ठेव, काही झालंच तर डॉक्टरला दाखवायला. आणि जुन्या सफरचंदाच्या बागेतली नाहीये ना? तिथे पूर्वी लेड आर्सेनेट फवारायचे, शिसं आणि आर्सेनिक मातीत अजून असतं.

पानगळ:
बाग नाही, जंगलच. म्हणजे एक फ्रीजला, खायला उरल्या तीन. एवढ्यासाठी दोन्ही गुडघे सोलून आलोय.