पेंटबॉलसाठी मुलाला नेमकं काय घेऊन द्यावं?

प्राजक्ता_एडिसन
मुलगा सातवीत आहे. मित्राच्या वाढदिवसाला पुढच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांच्या बाजूला पेंटबॉल खेळायला जायचंय. आमंत्रणात "सामान भाड्याने मिळेल" एवढंच लिहिलंय. चिरंजीवांनी मात्र ऑनलाइन कार्ट भरून ठेवलीय: मार्कर (म्हणजे पेंटबॉलची बंदूक), हवेची टाकी, छातीचं पॅड, हातमोजे. बेरीज 400 डॉलरच्या वर! त्याला चष्मा आहे. मला यातलं काही कळत नाही, पण त्याचा हिरमोडही करायचा नाही. खरोखर गरजेचं काय आहे?

रानवाटा
ताई, मी शनिवार-रविवारी पेनसिल्व्हेनियातल्याच एका फील्डवर रेफरी असतो. वाढदिवसाची पोरं बहुतेक माझ्याकडेच येतात, म्हणून मनापासून सांगतो. पहिल्या खेपेला मार्कर, टाकी, पॅड काही घेऊ नका. पैसे घालायचेच तर मास्कमध्ये घाला.

रंग भरलेली गोळी 17 मिलिमीटरची, जेमतेम 3 ग्रॅम वजनाची. पण सुटते सेकंदाला 300 फुटांच्या आसपास. आम्ही सकाळी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफसमोर (वेग मोजायचं यंत्र) उडवून बघतो आणि 280 च्या वर गेला तर स्क्रू फिरवून खाली आणतो. एवढं करूनही उघड्या कातडीवर बसली की गोल वळ उठतो. तो काही दिवसांत जातो. डोळ्याचं तसं नाही.

भाड्याच्या मास्कची लेन्स बहुधा एकेरी असते. मूल पळत येतं, बंकरमागे (मैदानातला आडोसा) बसतं, धापा टाकतं, लेन्सवर वाफ धरते. काही दिसेनासं झालं की हात आपसूक हनुवटीखाली जातो, मास्क वर करून पुसायला. खेळ चालू असताना माझं निम्मं लक्ष या हातांवर असतं. थर्मल लेन्समध्ये दोन पदर आणि मध्ये हवा असते, त्यामुळे आतला पदर गार पडत नाही आणि वाफ फारशी धरत नाही. जेटी प्रोफ्लेक्स किंवा व्हर्च्यू व्हायो बघा. मास्कवर एएसटीएम एफ1776 हे मानक लिहिलेलं हवंच. स्कीइंगचा गॉगल, एअरसॉफ्टचा (प्लॅस्टिकच्या छर्‍यांचा खेळ) जाळीचा मास्क अजिबात चालणार नाही. जमलं तर दुकानात जाऊन चष्म्यासकट घालून बघू दे. चष्म्याच्या काड्या कानशिलावर रुतत असतील तर दुसरा मास्क घ्या, आणि चष्म्याच्या काचांना अँटीफॉग लावून पाठवा.

लेन्स साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसायची. घरातला काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे लावू नका, त्याने लेन्सवरचा वाफ न धरू देणारा थर निघतो आणि प्लॅस्टिक कमजोर होतं. थर्मल लेन्स पाण्यात बुडवायची नाही, दोन पदरांच्या मध्ये पाणी शिरतं.

बाकीचं घरात सापडेल. सैल हूडी, जुनी ट्रॅकपँट, घोटा धरून ठेवणारे बूट, गळ्याला बफ (कापडी गळपट्टी). सैल कापडावर गोळी पुष्कळदा न फुटताच उसळते, आणि न फुटलेली गोळी लागली तरी गडी बाद होत नाही! हातमोजे मात्र द्याच, बागकामाचे चालतील. बोटांच्या पेरांवरचा मार फार झोंबतो. रंग पाण्याने निघतो, कपड्यांची काळजी नको.

आणि त्याला एक गोष्ट सांगा. पहिला खेळ 1981 साली न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या जंगलात झाला. बारा खेळाडू, हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायचे नेल्सन कंपनीचे मार्कर. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी, एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा करून. जंगलात चालायचं कसं हे त्याला माहीत होतं.

दृष्टी_नाशिक
मी नेत्रतज्ज्ञ आहे. वरच्या प्रतिसादातला मास्कचा मुद्दा कृपया सर्वांनी गांभीर्याने घ्यावा. एवढ्या वेगाची गोळी डोळ्यावर बसली तर आत रक्त साकळतं, नेत्रपटल फाटू किंवा सुटू शकतं, भिंग जागेवरून सरकतं. कधी कधी काचबिंदू पुढे कित्येक वर्षांनी होतो. मार लागलाच तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, तडक डॉक्टर गाठायचा. "दिसतंय की" म्हणून घरी बसू नका.

मुपो_कोथरूड
ऑफिसच्या सहलीला लोणावळ्याजवळ खेळलो होतो, ऐन जुलैत. मास्कवर इतके ओरखडे की समोरचा माणूस की झाड कळेना. गोळ्या तर नळीतच फुटत होत्या. हे पावसाळ्यामुळे का?

रानवाटा
@मुपो_कोथरूड, गोळ्यांचं कारण बहुधा तेच. कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत ओल ओढून फुगतं आणि मऊ पडतं. पिशवी घट्ट बंद करून सावलीत ठेवायची, लागतील तेवढ्याच गोळ्या हॉपरमध्ये (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) ओतायच्या. जमिनीवर सांडलेली गोळी उचलून परत भरायची नाही, माती नळीत जाते. एकदा नळीत रंग सांडला की पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाते, म्हणून खिशात स्क्वीजी (नळी आतून पुसायची काडी) ठेवावी. ओरखड्यांचा मास्क मिळाला तर तिथेच बदलून मागा. देत नसतील तर खेळू नका.

प्राजक्ता_एडिसन
दादा, डॉक्टर, खूप आभार. काल दुकानात जाऊन चष्म्यावरून बसेल असा थर्मल मास्क घेतला. रिची व्हाइट त्याला फार आवडला. कार्ट रिकामी केली त्याने, पण "आवडलं तर दिवाळीला मार्कर" असं कबूल करून घेतलंय. मैदानावर अजून काही सांगायचं त्याला?

रानवाटा
लेन्सवर वाफ धरली तरी मास्कला हात नाही. जागेवर बसायचं, "रेफरी" म्हणून ओरडायचं. आम्ही खेळ थांबवतो आणि हाताला धरून बाहेर आणतो. मैदानाबाहेर पडताना नळीवर कव्हर चढवायचं, मास्क काढायचा तो जाळीच्या बाहेर आल्यावरच.

दिवाळीला मार्कर वापरलेला घेतलात तरी चालेल. टाकी वापरलेली घेणार असाल तर तिच्यावरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) तारीख आधी वाचा. बहुतेक टाक्यांची चाचणी दर 5 वर्षांनी करावी लागते, मुदत उलटली असेल तर फील्डवर हवा भरून देत नाहीत.