मेंटेनन्स खात्यातनं आपोआप कट करायचा का?

सी-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापास्नं मेंटेनन्स ऑटो-डेबिट करूया म्हणतोय, दर महिन्याला दारोदार चेक गोळा करणं आता जमंना झालंय. फॉर्मचा फोटो टाकलाय, सह्या करून द्या.

ए-२०४: सेक्रेटरी साहेब, मेंटेनन्स १८०० आणि फॉर्मवर ५००० कसं काय? एकदा सही केली की कवाबी कितीबी काढणार काय? माझं घर पेन्शनीवर चालतंय ओ.

बी-४०३: काका, ५००० ही कमाल मर्यादा हाय, कटणार १८००च. पण तुमची शंका बरोबर हाय. सोसायटीची बँक ठरल्या तारखेला फाइल पाठवती, ती एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशाचे व्यवहार चालवणारी संस्था) नॅच सिस्टीममधनं (ठरलेले हप्ते खात्यातनं आपोआप कापायची यंत्रणा) आपल्या बँकेत येती, आणि आपली बँक बघती काय तर मँडेट (म्हंजे आपण सही करून दिलेली परवानगी) चालू हाय का, रक्कम मर्यादेत हाय का, खात्यात पैसे हायत का. तुमचं बिल किती झालंय ते बँकेला माहीतच नसतंय. म्हणून मर्यादा २५०० च लिहूया आणि शेवटची तारीखबी टाकूया, कोरी सोडायची नाही.

सी-१०१ (सेक्रेटरी): ५००० मी पुढं मेंटेनन्स वाढला तर परत सह्या नकोत म्हणून लिहिलेलं. २५०० करतो.

डी-१०२: युपीआय ऑटोपे का नको? पोरीच्या क्लासची फी तशीच जाते, आदल्या दिवशी मेसेज येतो, १५००० पर्यंत दरवेळी पिन लागत नाही आणि नको असलं तर ॲपमधनंच बंद करता येतंय.

बी-४०३: वहिनी, तेबी चालतंय की, पण सगळ्यांकडं युपीआय नाही. आणि तारखेचं लई महत्त्वाचं हाय, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या मशीनचा हप्ता ५ तारखेला, त्यादिवशी रविवार, मी आपला निवांत, सोमवारी पार्टीचा चेक पास झाला की मग हप्ता कटंल असं धरून चाललेलो, तर रविवारीच रिटर्नचा मेसेज! १ ऑगस्ट २०२१ पास्नं नॅच रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाबी चालतंय. माझ्या बँकेनं दंड लावला, कर्जवाल्यांनी वेगळा लावला, हप्ता तर भरायचा होताच. आणि पैसे नाहीत म्हणून रिटर्न झालं तर चेक बाऊन्ससारखीच केस होऊ शकते, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचं कलम २५ हाय त्याला. म्हणून तारीख सगळ्यांना सोयीचीच पायजे.

ए-२०४: मग १ तारीख नको. पेन्शन जमा व्हायला कधी कधी चार-पाच दिवस मागंपुढं होतंय.

सी-१०१ (सेक्रेटरी): १० तारीख धरूया. ज्यांना नको त्यांनी चेक द्यावा, सक्ती नाही. मध्येच बंद करायचं असंल तर मला लेखी द्या, नाहीतर थेट तुमच्या बँकेत अर्ज द्या.

ए-२०४: १० चालतंय. नवा फॉर्म वर पाठवून द्या, वाचतो आणि मग सही करतो.

बी-४०३: काका, मी संध्याकाळी घेऊन येतो. सही झाली की झेरॉक्स काढून तुमच्याजवळच ठेवूया.